दोन शब्दांच्या मधलं

मधुकर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते काहीच नसलेलं ऐकत होते.

बुलढाण्यात माझं दुकान तेव्हा नवीन होतं. माईक, स्पीकर, केबल, अँप्लिफायर असा माल. त्याआधी माझ्या गावाहून, वरवट बकालहून, सायकलला बॅटरी आणि भोंगा बांधून मी गावोगावच्या लग्नांत आवाज लावत फिरलो होतो. सौद्यात कोणापुढे दबायचं नाही, हे त्या सायकलीवरच शिकलो. सरांनी एक माईक पाहायला मागवला, म्हणून मी स्वतःच घेऊन गेलो. त्यांनी तो जोडला, कानांवर हेडफोन चढवला आणि माईकसमोर कोणीही बोलत नसताना डोळे मिटून ऐकत बसले. मला वाटलं, मशीन तापायची वाट पाहत असतील. बऱ्याच वेळानं डोळे उघडून म्हणाले,

"गजाननराव, हा माईक बोलतो."

"सर, बोलण्यासाठीच असतो तो."

"मी गप्प असताना बोलतो. परत न्या."

मी तिथेच बसलो. माल परत न्यायची मला सवय नाही. दोन स्टँड वरून द्यायला तयार झालो, केबल द्यायला तयार झालो, सर मान हलवेनात. शेवटी मी माईक गुंडाळू लागलो तेव्हा म्हणाले, "राहू द्या. माझ्याकडे इलाज आहे." आणि टेबलाच्या कोपऱ्यातल्या एका काळ्या लोखंडी डब्यावर त्यांनी हात ठेवला. तान्ह्या पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा. स्टँड आणि केबलही त्यांनी ठेवून घेतले. जिना उतरताना मला वाटलं, आपल्या तोडीचा माणूस भेटला. आज ते आठवलं तरी तोंड कडू होतं.

तो डबा म्हणजे नॉइज गेट. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आवाजाच्या वाटेवर बसवलेलं ते एक फाटक असतं. आपण एक पातळी ठरवून द्यायची. आवाज त्या पातळीच्या वर गेला की फाटक उघडतं आणि तो पुढे जातो. खाली आला की फाटक बंद, आणि पलीकडे काही म्हणजे काही ऐकू येत नाही. गाणारा थांबला की पंख्याची घरघर, खुर्चीची करकर, रस्त्यावरची फटफटी हे सगळं त्यामुळे कापलं जातं. वस्तू वाईट नाही. मी स्वतः विकतो. सरांच्या डब्यावर दोन दिवे होते. फाटक उघडं असलं की हिरवा, बंद झालं की लाल.

सर मूळचे शाळेत संगीताचे मास्तर. वडील कोर्टात कारकून होते, घर गावातच, जुन्या वस्तीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी वरच्या मजल्यावर भिंतींना गाद्या ठोकून स्टुडिओ काढला. खाली सलीमभाईची पिठाची चक्की होती. चक्की सुरू झाली की वरच्या खोलीची फरशी तळपायाला कळे इतकी थरथरायची. अशा जागी स्टुडिओ काढणारा माणूस एक तर खुळा असतो, नाहीतर त्याच्याकडे डबा असतो. सरांकडे डबा होता, आणि त्या डब्यानं त्यांना हळूहळू दुसऱ्या तऱ्हेचं खुळं केलं.

आधी चक्कीपुरता असलेला राग मग सगळ्यावर गेला. गायला येणाऱ्या बायकांच्या बांगड्या काढून घ्यायचे आणि स्टीलच्या ताटलीत नाही, तर रुमालात ठेवायला लावायचे, कारण ताटली वाजते. पुरुषांची घड्याळं काढायला लावायचे. चहा आला की सगळ्यांना बजावायचे, "फुर्र करायचं नाही." स्वतः चहावरची साय बोटाच्या टोकानं उचलून बशीच्या काठाला पुसायचे आणि तो पांढरा ओघळ तिथेच वाळत राहायचा. कापसाच्या काडीनं कान साफ करायची सवय होती. काडी कानातून काढली की उजेडात धरून पाहायचे, समाधान झालं की त्याच रुमालात घडी करून खिशात. त्या रुमालात कधी कधी दुसऱ्याच्या बांगड्या असत. मला शिसारी यायची, पण माल त्यांच्याकडेच खपायचा. वीस कोसांतलं कोणीही रेकॉर्डिंगला आलं की त्यांच्याकडे येई आणि मग माझ्याकडे वळे.

कारण गावाला तो आवाज आवडला होता. "बिल्कुल मुंबईसारखं," म्हणायचे लोक. एका बाईंनी आपली भक्तिगीतं करून घेतली. आवाज चांगला होता त्यांचा, भरदार. रेकॉर्डिंग ऐकताना त्या जरा बावरल्या आणि म्हणाल्या, "सर, यात मी श्वासच घेऊन नाही राह्यली."

"श्वास कशाला ऐकवायचा लोकांना?" सर म्हणाले. "गाणं ऐकवा."

बाई नवऱ्याकडे पाहायला लागल्या. नवरा म्हणाला, "बरोबर बोलून राह्यले सर. उगाच धापा टाकल्यासारखं वाटते." बाईंनी मान हलवली आणि रुमालातून बांगड्या काढून भरल्या. त्या काडीवाल्या रुमालातून. त्या दिवसानंतर मी तिथे चहा प्यायचा बंद केला.

एका निवडणुकीतली गोष्ट तर सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. उमेदवार होता मवाळ माणूस. भाषणाची सुरुवात अगदी खालच्या पट्टीत करायचा आणि शेवटी जोर द्यायचा. त्याचं निवेदन सरांनी रेकॉर्ड केलं, तेव्हा नेमकी चक्की चालू होती, म्हणून डब्याची पातळी वर चढवलेली. त्यानं म्हटलं होतं, "मायबाप हो, माझ्या हातून चूक झाली असेल तर मोठ्या मनानं माफ करा, आणि येत्या रविवारी लक्षात ठेवा." पहिलं सगळं हात जोडून, हलक्या आवाजात. दोन दिवस त्याची प्रचाराची ऑटो शेजारच्या मोताळ्याच्या गल्ल्यांतून ओरडत फिरली, "मायबाप हो! ... रविवारी लक्षात ठेवा!" लोकांना वाटलं, दम देऊन राह्यला. माणूस रडकुंडीला येऊन सरांकडे आला. मी तिथेच होतो. सर जराही हलले नाहीत. त्यांनी जे उत्तर दिलं ते पुढे सगळीकडे वापरलं:

"जे तुम्ही जोरात म्हणाला नाहीत, ते तुम्हाला म्हणायचंच नव्हतं."

तेव्हा मी पोट धरून हसलो. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना ते वाक्य सांगायचो, सरांचा आवाज काढून.

घरातही त्यांचं हेच. वहिनी, म्हणजे सरांची बायको, फार हळू बोलणारी बाई. दारात येऊन काही विचारत, तर सरांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नसे. कान उत्तम होते त्यांचे, दुसऱ्या खोलीतली मोबाईलची थरथर त्यांना ऐकू यायची. पण ठरावीक पातळीच्या खाली कोणी बोललं की ते माणूस त्यांच्या लेखी बोललेलंच नसे. वहिनींनी त्यावर तोड काढली होती. आधी कप बशीवर आपटायच्या, सर वळले की लगेच बोलायच्या. दोन वाक्यांत जरा थांबल्या की पुन्हा आपटावा लागे. मी एकदा म्हटलं, "वहिनी, जोरात बोलत जा ना." त्या म्हणाल्या, "लग्नापासून आपटते आहे भाऊ. आता कपच घेते जाड." आणि हसल्या. सर त्या वेळी हेडफोन न लावताही काहीच ऐकत नव्हते.

आता माझ्या बाबांबद्दल.

आमचं घर शेतकऱ्याचं. बाबा दिवसा शेतात आणि गुरुवारी देवळात. खंजिरीवर भजन म्हणायचे. वऱ्हाडात खंजिरी वाजवणारे गल्लीगल्लीत आहेत, पण बाबांची खंजिरी ऐकायला संग्रामपूरपासून लोक यायचे, ते थापेसाठी नाही. थाप कोणीही मारतो. ओळ संपत आली की बाबा थाप सोडून द्यायचे आणि ओला अंगठा चामड्यावरून असा घासत न्यायचे की आतून घुमारा उठायचा. विहिरीत खाली कोणीतरी हुंकार भरतंय असं वाटायचं. ओळीचा शेवटचा शब्द बाबा पूर्ण म्हणायचेच नाहीत, आवाज खाली खाली नेऊन त्या घुमाऱ्यात सोडून द्यायचे. त्यांचं एक भजन होतं, त्यांच्या गुरूंकडून तोंडी आलेलं, "सांग रे माझ्या मालका, आता कोणत्या रानी जाऊ." तो "जाऊ" कुठे संपतो आणि खंजिरी कुठे सुरू होते, हे देवळात बसलेल्या कोणालाही सांगता येत नसे. सगळे तिथे पुढे वाकायचे. मी लहानपणापासून त्या वाकलेल्या पाठी पाहिल्या आहेत.

छातीचं दुखणं झालं आणि बाबांचा आवाज अर्धा झाला. डॉक्टरांनी फार आशा दिली नाही. बाबांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नाही, माझ्या दुकानातला एक माईकसुद्धा नाही. त्या दिवसांत एकदा म्हणाले, "गजानन, थे भजन कुठं भरून ठेवता येते का रे? नामदेवले अजून घुमारा जमत नाई. मी गेल्यावर त्याले ऐकून ऐकून जमन." नामदेवकाका म्हणजे बाबांच्या मागे बसून साथ करणारे, त्यांच्याहून दहाएक वर्षांनी लहान.

मी म्हटलं, उत्तम ठिकाणी नेतो. उत्तम म्हणजे मधुकर सर.

मी व्यवस्थाही तशीच लावली. सलीमभाईकडे गेलो आणि म्हटलं, सकाळभर चक्की बंद ठेवायची. तो म्हणाला, "भाऊ, दळण घेऊन बायका उभ्या राहतील, मैं क्या बोलू उनको?" खूप ताणलं त्यानं. शेवटी त्याच्या मोहल्ल्यातल्या कार्यक्रमाला माझे दोन मोठे स्पीकर द्यायचे यावर सौदा पटला. चक्की बंद, पंखा बंद, बाहेर वारा नाही. बाबांना घाटातून हळूहळू गाडीनं वर आणलं. बुलढाण्यात त्या दिवशी इतकी शांतता होती की डब्याची गरजच नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे.

बाबा माईकपुढे मांडी घालून बसले. सरांनी त्यांच्या बोटातली चांदीची अंगठी काढायला लावली. बाबा म्हणाले, "हाव गुरुजी, काढतो." मास्तर कुठल्याही वयाचा असो, बाबांसाठी तो गुरुजीच. खंजिरीच्या झांजा सरांना खटकल्या, पण त्या निघत नव्हत्या. मग भजन झालं. आवाज बारीक होता, पण अंगठा तोच होता. मी काचेच्या अलीकडून पाहत होतो. "जाऊ"वर मी आपोआप पुढे वाकलो. सर बाबांकडे पाहत नव्हते. त्यांची नजर त्या काळ्या डब्यावर होती. हिरवा, लाल, हिरवा, लाल. मला वाटलं, डबा नुसती पातळी दाखवत असेल, कापणं नंतर होत असेल. मी माल विकणारा माणूस, रेकॉर्डिंगला बसणारा नाही. गेट नेहमी नंतर, कॉम्प्युटरवर लावतात, मूळ आवाज तसाच जपून ठेवतात, एवढंच मी कंपनीच्या लोकांकडून ऐकलं होतं.

मग सरांनी ते स्पीकरवर लावलं. बाबा हात जोडून ऐकायला बसले, देवळात बसावं तसे.

"सांग रे माझ्या मालका, आता कोणत्या रानी," आणि "जाऊ"चा अर्धा तुकडा, आणि मग काहीच नाही. नुसती पोकळी. पुढची ओळ एकदम अंगावर आली, पुन्हा पोकळी. कोणी सुरीनं कडा छाटल्यासारखी. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, सरांना नाही, "माही खंजिरी मधातच बंद पडली होती का रे?"

"काका, बंद नाही पडली," सर म्हणाले. "स्वच्छ झाली."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "सर, घुमारा कुठं गेला? तो पाहिजे मले. फाटक खाली घ्या." आणि आमचा सौदा सुरू झाला. सरांनी कॉम्प्युटरवर गेटची खिडकी उघडली. आकडे उणे असतात, जितकं खाली जाल तितका हळू आवाज आत येतो. ते उणे तीसवर होते. मी उणे साठ मागितले. ते म्हणाले, उणे पस्तीस, त्याखाली खुर्ची ऐकू येईल. मी म्हटलं, खुर्ची येऊ द्या, बैल येऊ द्या, घुमारा आला पाहिजे. ते डोकं हलवत उणे चाळीसवर आले, उसासा टाकत, माझ्यावर उपकार केल्यासारखे. मी उठून उभा राहिलो, "चला बाबा, आपण अकोल्याले जाऊ." ते म्हणाले, "बसा, बसा." असं करत करत मी त्यांना उणे पंचावन्नवर आणलं. प्रत्येक वेळी ते वाजवून दाखवत. शेवटी मला ऐकू आला. खरं सांगतो, ऐकू आला. बारीक, पण होता. मी बाबांना म्हटलं, "आता?"

बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "हाव. आता बरं वाटते." मग अंगठी बोटात घातली आणि सरांच्या पायाला हात लावायला वाकले. सरांनी पाय मागे घेतला नाही.

गावात आल्यावर देवळात लावलं. नामदेवकाका ऐकून म्हणाले, "आवाज दादाचाच आहे, पण घुमारा नाई गजानन." मी चिडलो. म्हटलं, मी स्वतः भांडून आणला आहे, तुमच्या कानात मळ झाला. नामदेवकाकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "पोरानं लय मेहनत केली." बस्स. त्यानंतर बाबा खाटेवरून उठले नाहीत. हिवाळा संपायच्या आत गेले.

तेरवी उरकली आणि मी बुलढाण्याला गेलो. मनात आलं होतं, मूळ आवाज घेऊन यावा, काहीही न कापलेला, आणि दुसऱ्या कोणाकडून नीट करून घ्यावा. सर कान साफ करत बसले होते. मी म्हटलं, "सर, बाबांचं मूळ रेकॉर्डिंग द्या. कच्चं."

"कच्चं नाही."

"पुसलं का?"

"नव्हतंच." त्यांनी काडीनं कोपऱ्यातल्या डब्याकडे दाखवलं. "माझ्याकडे आवाज त्यातूनच आत येतो. आत येतानाच स्वच्छ. नंतर निवडत बसायचं काम मी ठेवत नाही."

मला समजायला वेळ लागला. मी विचारलं, "चक्की तर बंद होती. मग डबा चालू कशाला ठेवला?"

"तो बंद करत नाही मी," सर म्हणाले. पाणी पिण्याबद्दल बोलावं तसं.

"आणि त्या दिवशी तुम्ही आकडे खाली करून राह्यले होते, ते काय होतं?"

सरांनी काडी उजेडात धरली. "त्यात खाली करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, गजाननराव. पण तुमच्यासारख्या माणसाला काहीतरी उतरवून दिल्याशिवाय उठता येत नाही. तुमचं समाधान झालं. तुम्हाला ऐकूही आलं."

आयुष्यात मला पुष्कळांनी फसवलं आहे आणि मी त्यांच्याकडून ते वसूल केलं आहे. पण हा वार माझ्याच हत्यारानं होता. किंमत आधी चढवून मग उसासा टाकत उतरवायची, हे तर मी दुकानात रोज करतो. फक्त माझ्या गिऱ्हाइकाच्या हातात शेवटी माल असतो. मी टेबलावर हात आपटला. दिवा हिरवा झाला. सर दिव्याकडे पाहत राहिले, माझ्याकडे नाही. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि मी ते सगळं जोरात बोललो, म्हणजे त्यांना ते नक्की ऐकू आलं. ते इतकंच म्हणाले, "काका घुमाऱ्यावर जोर देत नव्हते. द्यायला हवा होता."

जे जोरात म्हणाला नाहीत, ते म्हणायचंच नव्हतं. ज्या वाक्यावर मी हसत फिरलो होतो, ते आता माझ्या बापावर बसवलं होतं. दारात वहिनी उभ्या होत्या, हातात कप-बशी. त्यांनी कप आपटला नाही. तशाच परत गेल्या.

त्यानंतर मी त्यांना माल दिला नाही. लोक सांगायचे, सर नवीन गिऱ्हाइकाला नमुना म्हणून तुमच्या बाबांचंच भजन ऐकवतात. म्हणतात, "हे ऐका. ओळींच्या मध्ये काही सापडतं का शोधा." आणि गिऱ्हाईक शोधतं, आणि त्याला काही सापडत नाही, आणि सरांचा चेहरा फुलतो. हे मी जेवताना ऐकलं. उठून हात धुतले.

वर्षश्राद्धाला देवळासमोर मंडप टाकला. मला ते रेकॉर्डिंग लावायचं नव्हतं, मी सरळ नाही म्हणून टाकलं होतं. माय म्हणाली, "त्यायचा दुसरा आवाज आहे का तुह्याजवळ?" नव्हता. म्हणून लावलं.

सर आले होते. कोणी बोलावलं नव्हतं. बुलढाण्याहून एसटीनं, वहिनींना घेऊन, इस्त्रीचा सदरा घालून. मंडपाच्या कडेला खुर्चीवर बसले. माझ्याकडे पाहून मान हलवली, जसं काही झालंच नाही. मी तिकडे गेलो असतो तर कार्यक्रम बिघडला असता, म्हणून बांबूला धरून उभा राहिलो.

भजन सुरू झालं. "सांग रे माझ्या मालका, आता कोणत्या रानी," आणि तुकडा, आणि पोकळी. मी तोंड फिरवलं. मला त्या पोकळीची किळस होती. तिथे बाबा नव्हते, सर होते.

आणि त्या पोकळीत घुमारा आला.

मला आधी वाटलं, पुन्हा माझे कान मला फसवून राह्यले. मग पाहिलं, तर नामदेवकाका खाली मान घालून मांडीवरच्या खंजिरीवर अंगठा घासत होते. हळूच. त्यांना आपण वाजवतो आहोत हे कळत होतं की नाही, ठाऊक नाही. पुढच्या ओळीला त्यांच्या शेजारच्या म्हाताऱ्याचा अंगठा सुरू झाला, मग मागच्या रांगेतला आणखी एक. बाबांचा शब्द जिथे छाटला होता तिथे हे लोक तो उचलत होते आणि खाली नेऊन सोडत होते. बाबांइतका नाही. नामदेवकाकांना तो अजून पुरता जमलेला नाही. पण पाठी वाकल्या. माय वाकली.

सर उठले. मला क्षणभर वाटलं, त्यांना कळलं. ते मंडपाच्या मध्ये आले, स्टुडिओत थांबवायला करत तसा हात वर केला आणि म्हणाले, "थांबा. थांबा जरा. तुमचा आवाज मध्ये येतोय."

कोणी वर पाहिलं नाही. नामदेवकाका अंगठा न थांबवता, अगदी हळू म्हणाले, "सर, बसा."

सरांना ते ऐकू आलं नाही. ते हात वर करून तसेच उभे राहिले. वहिनी खुर्चीत होत्या, त्यांच्याजवळ आपटायला काही नव्हतं, आणि त्यांनी काही शोधलंही नाही. त्याही पुढे वाकलेल्या होत्या. पुढच्या ओळीनंतर सरांनी हात खाली घेतला, मंडपातून वाट काढत माझ्या मोठ्या स्पीकरपाशी गेले आणि त्याच्या जाळीला कान लावून, डोळे मिटून उभे राहिले. मागे खंजिऱ्या घुमत होत्या, आणि ते तिथे आपली पोकळी ऐकत होते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं, पाठमोरं. सदऱ्याच्या खिशातून रुमालाचं टोक बाहेर आलं होतं.